वंशभेद फक्त गोऱ्यांचाच असतो का? वादामागची थोडी पार्श्वभूमी

हा वाद दर थोड्या दिवसांनी वर येतो. कुठे आफ्रिकन पोरांना मारहाण झाली, कुठे मणिपुरी मुलीला कोणीतरी चिनी म्हणालं, की एक बाजू म्हणते आपण भारतीय रेसिस्ट असूच शकत नाही, दीडशे वर्षं गोऱ्यांनी आपल्यालाच लाथा घातल्यात. दुसरी बाजू म्हणते सगळेच सारखे, मग गोऱ्यांनाच का बोलता. मला दोन्ही पटत नाहीत. वंशाबद्दलचा आकस कुठल्याही गटात असू शकतो, ज्या गटानं स्वतः मार खाल्लाय त्याच्यातही, पण त्या आकसाचा दुसऱ्याला किती त्रास होणार हे त्या गटाच्या हातात काय आहे यावर ठरतं. घर, नोकरी, पोलीस, कोर्ट, की नुसती शिवी. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या नाहीत की भांडण संपत नाही.

जुना काळ थोडक्यात. दख्खनमध्ये काळा रंग म्हणजे खालची जागा असं गणित नेहमी नव्हतं. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेला मलिक अंबर निजामशाहीचा कारभारी झाला, 1610 मध्ये त्यानं खडकी वसवली, जिचं पुढे औरंगाबाद झालं. जंजिऱ्याचे सिद्दी तर कोकण किनाऱ्यावर राज्य करत होते आणि 1689 मध्ये त्यांनी मुंबईवर चाल करून इंग्रजांना किल्ल्यात कोंडलं होतं. तेव्हा गोरा आत अडकलेला आणि आफ्रिकन वंशाचा सरदार माझगावात तळ ठोकून, हे याच शहरात घडलंय.

इंग्रज पक्के झाल्यावर चित्र बदललं. 1875 मध्ये मुंबईत गोऱ्यांचा जिमखाना निघाला, भारतीय माणूस तिथे मेंबर म्हणून नाही, नोकर म्हणून जायचा. मैदानावर पारशी पोरं क्रिकेट खेळायची आणि पोलो खेळणारे साहेब घोड्यांनी त्यांची जागा तुडवून टाकायचे, त्याविरुद्ध अर्जावर अर्ज गेले. ब्रीच कँडीचा पोहण्याचा तलाव तर स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं युरोपियनांपुरताच होता. हे सगळं आपल्याला पाठ आहे आणि आपण ते बरोबर सांगतो.

जे कमी सांगितलं जातं ते असं. गोऱ्यांनी दार लावलं म्हणून मरीन लाइन्सला पारशी, मुसलमान, हिंदू असे वेगवेगळे जिमखाने उभे राहिले आणि 1906 मध्ये हिंदूंच्या टीमनं युरोपियन टीमला हरवलं, मुंबईत तो मोठा दिवस होता. त्या विजयात बाळू पालवणकरांच्या डावखुऱ्या स्पिनचा वाटा होता. चांभार समाजातला हा बॉलर, पुण्यात खेळायचा तेव्हा टीममधले बाकीचे आत चहा प्यायचे आणि यांना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर विकेट काढल्या, तरी हिंदूंच्या टीमची कॅप्टनशिप त्यांना मिळालीच नाही, त्यांचा धाकटा भाऊ विठ्ठल 1923 मध्ये कॅप्टन झाला तोही भावंडांनी आधी भांडण केलं म्हणून. म्हणजे साहेबाच्या भेदभावावर चिडलेली टीमच आपल्या सगळ्यात चांगल्या बॉलरला बाहेर बसवून चहा देत होती. इथे जात आहे, वंश नाही, असं लगेच कोणी म्हणेल. तो मुद्दा पुढे येतोय, कारण सगळा गुंता तिथेच आहे.

आधी पहिल्या बाजूचं ‘सत्ता नसेल तर वंशभेद नाही’ हे कुठून आलं ते बघू. 1970 च्या सुमाराला अमेरिकेत शिक्षकांच्या ट्रेनिंगसाठी एक व्याख्या मांडली गेली, वंशभेद म्हणजे पूर्वग्रह अधिक सत्ता. गोऱ्या शिक्षकांना ‘मी कोणाला शिवी देत नाही’ याच्या पलीकडे बघायला लावायचं म्हणून ती होती आणि तिथे ती उपयोगी पडली, ऐंशीच्या दशकात लंडनच्या काही कौन्सिलनी ती उचलली. पण वर्गातलं हे साधन लोकांनी ब्रह्मवाक्य करून टाकलं, अमुक गटाचा माणूस कधीच वंशभेद करू शकत नाही. कायद्यानं हे कधी मानलं नाही. ब्रिटनमध्ये 1965 चा कायदा मुख्यतः काळ्या आणि आशियाई स्थलांतरितांना वाचवायला आला आणि 1967 मध्ये त्याच कायद्याखाली एका काळ्या पुढाऱ्याला गोऱ्यांविरुद्ध भडकाऊ भाषण केलं म्हणून वर्षभराची शिक्षा झाली. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं 1976 मध्ये सांगितलं की नोकरीतल्या भेदभावाचा कायदा गोऱ्या कामगारालाही लागू आहे. मला यातला 1967 चा निकाल खुपतो, कारण त्याच काळात स्थलांतरितांविरुद्ध उघड विष ओकणारे मोठे नेते मोकळे फिरत होते. कायदा सगळ्यांना एक आणि पकडायचं कोणाला हे मात्र ज्याच्या हातात पोलीस तो ठरवणार. म्हणूनच पूर्वग्रह आणि सत्ता ही दोन वेगळी खाती आहेत असं म्हणतोय.

आता का होतं हे. 1970 मध्येच ब्रिस्टलच्या एका मानसशास्त्रज्ञानं, जो स्वतः पोलंडचा ज्यू होता आणि ज्याचं घरचं माणूस नाझींनी ठेवलं नव्हतं, शाळेतल्या मुलांचे अगदी फालतू कारणावरून गट पाडले, पडद्यावरचे ठिपके जास्त मोजले की कमी, कुठलं चित्र आवडलं, असं. मुलं एकाच शाळेतली होती, पण पैसे नेमके कोणाला जातायत हे कळत नव्हतं, नुसता नंबर आणि गट दिसत होता. तरी पैसे वाटायला दिले तेव्हा त्यांनी आपल्या गटाला जास्त दिले, आणि डोक्यात राहतं ते हे की कितीतरी वेळा आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालतील पण समोरच्यापेक्षा जास्त हवेत, असा पर्याय निवडला. तिथे ना जुना इतिहास होता ना रंग ना काही वैर. म्हणजे आपले आणि ते ही रेघ मारायला माणसाला फार काही लागत नाही. रेघ कुठे मारायची, रंगावर की नाकडोळ्यांवर की आडनावावर, हे मात्र समाज शिकवतो. आणि वरचढ गटानं शिकवलेलं खालचा गटही शिकतो, चाळीसच्या दशकात अमेरिकेत काळ्या मुलांपुढे गोरी आणि काळी बाहुली ठेवली तर बऱ्याच मुलांनी गोरी चांगली म्हणून उचलली, शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या 1954 च्या निकालात त्या प्रयोगाचा दाखला आहे. आपल्याकडे काळ्यासावळ्या घरांतूनच ‘गोरी मुलगी पाहिजे’ अशी जाहिरात जाते ती याच शिकवणीतून.

आता जात आणि वंश. महाराष्ट्रात हा धागा जुना आहे. फुल्यांनी 1873 मध्ये आपलं पुस्तक अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केलं, 1972 मध्ये मुंबईच्या चाळी-झोपडपट्टीतल्या दलित पोरांनी अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून आपल्या संघटनेचं नाव दलित पँथर ठेवलं. त्यांना तिथलं दुःख आपलं वाटलं. सरकारनंही जगात हाच आवाज लावला होता, 1946 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या भेदभावाचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत भारतानंच नेला. पुढे 1965 मध्ये वंशभेदाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या पहिल्या कलमात वंश, रंग, राष्ट्रीय मूळ यांच्या सोबत ‘डिसेंट’ म्हणजे जन्मानं, कुळानं आलेली ओळख हाही शब्द आहे, आणि तो भारताच्या दुरुस्तीनं घातला गेला. 1968 मध्ये आपण त्या करारावर शिक्कामोर्तब केलं.

मग 1996 मध्ये कराराच्या समितीनं विचारलं, जातीचं काय? सरकार म्हणालं हा शब्द वंशापुरताच आहे, जात त्यात येत नाही. समितीनं ते मानलं नाही. 2001 मध्ये डर्बनला वंशभेदाविरुद्धची जागतिक परिषद भरली, इथून दलित कार्यकर्ते मोठ्या संख्येनं गेले, त्यांची मागणी एवढीच की शेवटच्या कागदात जातीचा उल्लेख व्हावा. सरकारनं ताकद लावून तो होऊ दिला नाही. त्या वेळी पेपरात मोठमोठे अभ्यासक लिहीत होते की जातीला वंश म्हणणं शास्त्रीयदृष्ट्या चूक आहे. आणि ते खरंही होतं, खुद्द बाबासाहेबांनी 1936 मध्ये हेच मांडलं होतं की पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चांभार वंशानं एकच आहेत. पण बाबासाहेब ते जात मोडायला सांगत होते आणि इथे तेच वाक्य हिशोब द्यायचा नाही म्हणून वापरलं गेलं. करारात फक्त वंश हा शब्द असता तर वाद समजू शकलो असतो, पण जन्माचा शब्द आपणच घातला होता, आणि अस्पृश्यता जन्मावर नाही तर कशावर आहे? 2002 मध्ये समितीनं स्पष्टच लिहिलं की त्या शब्दात जात येते. 2006 मध्ये आपल्याच पंतप्रधानांनी अस्पृश्यतेची तुलना दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषाशी केली. सरकारची अधिकृत भूमिका मात्र दुसऱ्याच वर्षी पुन्हा जुनीच.

मला जात करारातून बाहेर ठेवण्याचा हा निर्णय आजही मोठी चूक वाटते. ज्या देशानं गोऱ्यांच्या वंशभेदाविरुद्ध जगाला उभं केलं त्यानंच स्वतःवर बोट येताच दार लावलं, ‘आम्ही पीडित आहोत, आम्ही करणारे कसे असू’ हेच त्याचं मूळ होतं. आता हा जातीचा वाद परदेशातही पोचलाय. ब्रिटनमध्ये जात कायद्यात घालायचं ठरलं, 2018 मध्ये बारगळलं, सिएटल शहरानं 2023 मध्ये जातीवरून भेदभावाला बंदी घातली, त्याच वर्षी कॅलिफोर्नियाचं तसं विधेयक गव्हर्नरनं परत पाठवलं. तिथे आपल्या लोकांना रंगावरून ऐकून घ्यावं लागतं आणि तेच लोक नव्या सहकाऱ्याचं आडनाव विचारतात.

आणि मुंबई. साठच्या दशकात मराठी माणसाला स्वतःच्या राजधानीत कारकुनी मिळेना, ही तक्रार खरी होती, माझ्या आधीच्या पिढीनं ती भोगलीय. त्यातून ‘हटाव लुंगी’ आलं आणि मार खाल्ला उडप्याच्या हॉटेलातल्या पोऱ्यानं, ज्यानं कोणाचीच नोकरी घेतली नव्हती. 2008 मध्ये टॅक्सीवाले आणि परीक्षेला आलेली उत्तरेकडची पोरं. 2023 मध्ये मुलुंडला एका मराठी बाईंना ऑफिससाठी जागा नाकारली तेव्हा आपण सगळे भडकलो, आणि भडकायलाच हवं होतं. पण दादर, पार्ले, डोंबिवलीच्या मराठी सोसायट्यांत मुसलमान भाडेकरू चालतो का, नालासोपाऱ्यात नायजेरियन माणसाला घर देताना ब्रोकर काय बोलतो, हेही आपल्याला माहीत आहे. 2005 मध्ये सुप्रीम कोर्टानं एका समाजापुरती सोसायटी ठेवायला मोकळीक दिली ती गुजरातमधल्या पारशी सोसायटीच्या केसमध्ये, म्हणजे संख्येनं अगदी छोट्या गटाच्या. आपलं टिकावं ही त्यांची भीती मी समजू शकतो, पण त्या निकालाची सावली मोठ्या समाजांच्या बिल्डिंगवरही पडते.

कायद्यात आज काय आहे? घटनेच्या पंधराव्या कलमात वंश हा शब्द आहे पण ते मुख्यतः सरकारला बांधतं, दुकान-हॉटेल-विहीर सोडली तर घरमालकाला नाही. 2014 मध्ये दिल्लीत अरुणाचलच्या एका विद्यार्थ्याचा मारहाणीनंतर मृत्यू झाला, त्यानंतर नेमलेल्या समितीनं वंशावरून शिवी देणं, अपमान करणं यासाठी वेगळं कलम सुचवलं, ते आलं नाही. 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या न्यायसंहितेत पाच किंवा जास्त जणांनी मिळून वंश, जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून खून किंवा गंभीर दुखापत केली तर त्याची वेगळी तरतूद आहे आणि ती कुठल्याही गटाला लागू होते, मारणारा कोण आणि मार खाणारा कोण हे न बघता. त्याच्या अलीकडे, म्हणजे रस्त्यावरची शिवी, नाकारलेलं घर, लोकलच्या डब्यात शेजारून उठून जाणं, यासाठी ईशान्येकडच्या किंवा आफ्रिकन माणसाच्या हातात आजही वंशभेदाचं म्हणून वेगळं कलम नाही.