‘सावकाश धावा’ या सल्ल्याची पार्श्वभूमी

बडोद्याची मॅरेथॉन थंडीत असते, त्यामुळे नवरात्रीचा गरबा संपला की कमाटीबागेत पहाटेची वर्दळ वाढते. धावणारे दोन जातींचे. एक गप्पा मारत, फेरफटका मारणाऱ्या काकांना जेमतेम मागे टाकत जाणारे. दुसरे रोज शर्यत असल्यासारखे सुटलेले. दुसऱ्यांपैकी बरेच जण डिसेंबरात नडगी नाहीतर गुडघा धरून बसतात, तरी ‘एवढं हळू धावून काय होणार?’ हा प्रश्न पहिल्यांनाच ऐकावा लागतो. विचारणाऱ्यांना फार दोष देता येत नाही. ज्या गावात 1880 पासून जुम्मादादा व्यायाम मंदिर आहे आणि व्यायामाचार्य प्रा. माणिकरावांचं नाव मराठी घरांतून आदराने घेतलं गेलं, तिथे घाम निथळला नाही तर तो व्यायाम कसला, अशीच समजूत असणार.

धावपटूंना मात्र जोरात धावायचं हे वेड तालमीतून लागलं नाही. त्याचा उगम जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये सापडतो. प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर आणि हृदयतज्ज्ञ हर्बर्ट राइन्डेल यांनी इंटरव्हलची पद्धत शास्त्रशुद्ध केली: थोडं अंतर जोरात धावायचं, नाडी 180 च्या आसपास न्यायची, मग ती 120 वर उतरेपर्यंत थांबायचं. दीड मिनिटात उतरली नाही, तर त्या दिवसाचं काम संपलं. हृदय बळकट होतं ते या थांबण्यात, असं त्यांचं म्हणणं. गेर्शलरच्या हाताखालच्या रुडॉल्फ हारबिगने 1939 मध्ये 800 मीटर 1 मिनिट 46.6 सेकंदांत धावून विश्वविक्रम केला. पुढे जगाने या पद्धतीतला जोर तेवढा उचलला आणि नाडीचा लगाम फेकून दिला. चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये 5,000 मीटर, 10,000 मीटर आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदकं घेतली, तेव्हा तर प्रश्नच मिटला. तो 400 मीटरच्या डझनावारी फेऱ्या मारतो, लष्करी बूट घालून धावतो, हे ऐकून ठिकठिकाणचे धावपटू त्याचा कित्ता गिरवू लागले. झाटोपेकचं शरीर मात्र त्यांच्यापाशी नव्हतं.

उलट दिशेचा विचार न्यूझीलंडमधून आला, तोही एका चपलांच्या कारखान्यात काम करणाऱ्याकडून. ऑकलंडचा आर्थर लिडियर्ड स्वतःला तंदुरुस्त समजत होता. क्लबातल्या एका वयाने मोठ्या गृहस्थाबरोबर पाच मैल धावताना त्याची दमछाक झाली. मग त्याने पुढची कित्येक वर्षं स्वतःच्याच शरीरावर प्रयोग केले. कधी फार कमी धावला, कधी वाजवीपेक्षा फार जास्त, आणि शेवटी आठवड्याला सुमारे 100 मैलांवर, दमछाक न होणाऱ्या वेगावर येऊन ठरला. त्याच्याकडे सराव करणारी मुलं रविवारी वाइआटारुआच्या डोंगराळ रस्त्यावर 22 मैल धावायची. 800 मीटरवाला पीटर स्नेलही त्यांत असायचा, हे त्या काळी वेडेपणाचंच वाटायचं. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलने 800 मीटरचं आणि मरे हॅलबर्गने 5,000 मीटरचं सुवर्ण एकाच दिवशी जिंकलं. लिडियर्ड फक्त हळू धावायला सांगायचा असं आज सर्रास सांगतात, ते अर्धवट आहे. पाया झाला की चढाव आणि मग ट्रॅकवरची जोरकस धाव त्याच्याकडेही होतीच.

जर्मनीतच डॉ. एर्न्स्ट फान आकेन नाडी 130 च्या आसपास ठेवून लांब पल्ला धावा म्हणत होते. अमेरिकन प्रशिक्षक बिल बॉवरमन 1962 मध्ये न्यूझीलंडला जाऊन लिडियर्डकडून जॉगिंग शिकला आणि ते अमेरिकेत घेऊन गेला. एक दिवस कठीण, दुसरा हलका, हा त्याचा शिरस्ता.

सावकाश धावणं का उपयोगी पडतं, याचा उलगडा नंतर होत गेला. हलक्या धावेत स्नायूंमधल्या केशवाहिन्या वाढतात, पेशींमधली ऊर्जा तयार करणारी मायटोकॉन्ड्रिया वाढतात, चरबी जाळण्याची क्षमता सुधारते. आणि दम काही आठवड्यांत वाढतो, कंडरा व हाडांना मात्र महिने लागतात. नडगी दुखते ती या तफावतीतून. नॉर्वेत स्थायिक झालेले अमेरिकन संशोधक स्टीफन सायलर यांनी 2000 नंतर अव्वल धावपटू, स्कीपटू आणि नौकानयनपटूंच्या सरावाचा हिशेब मांडला, तर सुमारे 80 टक्के सत्रं हलकी निघाली. हौशी माणूस याच्या बरोब्बर मधे अडकतो: हलक्या दिवशी जास्त जोरात, जोराच्या दिवशी थकल्यामुळे कमी.

बडोद्यात यात उन्हाचीही भर पडते. एप्रिल-मेमध्ये अंग थंड ठेवायला रक्त त्वचेकडे वळतं, म्हणून जानेवारीतल्याच वेगाला नाडी कितीतरी वर जाते. तेव्हा हिवाळ्यातला पेस, म्हणजे दर किलोमीटरला लागणारा वेळ, धरून बसलं की इझी रन, म्हणजे हलकी धाव, इझी राहतच नाही. मनगटावर नाडी दाखवणारं बिनतारी यंत्र फिनलंडच्या पोलार कंपनीने 1982 मध्ये आणलं. गेर्शलरला जो लगाम हाताने मोजावा लागे, तो आता कोणालाही मिळाला. गंमत अशी, की आजची घड्याळं वेगही दाखवतात आणि तो सगळ्या ग्रुपला कळवतातही, त्यामुळे मंगळवारच्या हलक्या धावेतसुद्धा कोणाच्या तरी डोळ्यांना बरं दिसेल असा आकडा काढायची हौस सुटत नाही. काही जाणते धावपटू म्हणूनच हलक्या दिवशी स्क्रीनवर फक्त नाडी आणि वेळ ठेवतात, पेसचा रकाना काढूनच टाकतात.