न्यू बेडफर्ड बंदरातील पीसीबी प्रदूषण

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील न्यू बेडफर्ड बंदराच्या तळाशी, गाळात साठलेले पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल (पीसीबी) या औद्योगिक रसायनांचे प्रदूषण. अकुशनेट नदी बझर्ड्स उपसागराला मिळते, त्या मुखाशी हे बंदर वसले आहे. एकोणिसाव्या शतकात देवमाशांच्या शिकारीमुळे ते जगभर ओळखले जाई. आज उतरणाऱ्या मासळीच्या किमतीत ते अमेरिकेत आघाडीवर आहे आणि या उत्पन्नात मोठा वाटा स्कॅलप या शिंपल्यांचा आहे. ही मासळी दूरच्या खोल समुद्रातून येते. बंदराच्या आतली मासळी खाण्यावर मात्र निर्बंध आहेत.

पीसीबी सहजी पेट घेत नाही, उष्णतेने विघटत नाही आणि वीज वाहू देत नाही, म्हणून विद्युत कपॅसिटरमध्ये ते भरले जाई. १९४० च्या दशकापासून १९७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत एरोव्हॉक्स आणि कॉर्नेल-डुबिलियर या कारखान्यांचे पीसीबीयुक्त सांडपाणी थेट किंवा शहराच्या गटारांतून बंदरात जात राहिले. कारखान्यात जो टिकाऊपणा हवासा होता, तोच पाण्यात गेल्यावर घातक ठरला. पीसीबी पाण्यात फारसे विरघळत नाही. ते बारीक चिखलाच्या कणांना चिकटून तळाशी बसते. तेथून ते किडे, शिंपले, खेकडे, मासे असे चढत जाते आणि चरबीत साठत प्रत्येक पायरीवर दाट होते. २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने पीसीबीला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले.

१९७९ मध्ये राज्याच्या आरोग्य खात्याने बंदर व लगतच्या उपसागरातील सुमारे ७३ चौ. किमी. क्षेत्रात मासेमारीवर निर्बंध घातले. १९८३ मध्ये हे बंदर संघराज्याच्या ‘सुपरफंड’ यादीत, म्हणजे अत्यंत दूषित स्थळांच्या यादीत आले. एरोव्हॉक्सजवळच्या सुमारे २ हेक्टर पट्ट्यात पीसीबीचे प्रमाण काही ठिकाणी दशलक्ष भागांत एक लाखाहून अधिक होते. याचा अर्थ, तिथे सुकवलेल्या गाळाच्या वजनाचा दहावा हिस्सा पीसीबीच होता.

हा पट्टा १९९४-९५ मध्ये उपसण्यात आला. गाळ तिथेच भट्टीत जाळावा, असा मूळ निर्णय होता. परंतु भट्टीच्या धुराची धास्ती घेतलेल्या रहिवाशांनी कडाडून विरोध केला. अखेर तो बाहेरगावच्या सुरक्षित भरावक्षेत्रात नेण्याचे ठरले. रहिवाशांचा हा आग्रह रास्तच म्हणावा लागेल, कारण गाळातले विष हवेत सोडण्याची जोखीम त्यांच्याच वस्तीवर येणार होती.

उरलेल्या बंदरासाठी १९९८ मध्ये वरच्या भागात दशलक्ष भागांत १० आणि खालच्या भागात ५० ही मर्यादा ठरली. नांदत्या बंदरात हे काम अवघड असते. गाळ ढवळला की पीसीबी पुन्हा पाण्यात मिसळते आणि न उपसावा, तर जहाजांचा मार्ग उथळ होत जातो. त्यामुळे न्यू बेडफर्डमध्ये नौकानयनासाठीचा नेहमीचा उपसाही अनेक वर्षे रखडला. मोठ्या प्रमाणावरचा उपसा २००४ पासून सुरू झाला. उपसलेल्या गाळातली वाळू वेगळी करून, उरलेला चिखल दाबून त्यातले पाणी काढत आणि रेल्वेने दूरच्या भरावक्षेत्रात पाठवत. काही गाळ बंदराच्याच तळाशी खणलेल्या खोल खड्ड्यांत पुरून वर स्वच्छ थर घालण्याची योजना झाली. वर्षाकाठी मिळणाऱ्या तुटपुंज्या निधीत हे काम कित्येक दशके चालले असते. एरोव्हॉक्सची उत्तराधिकारी कंपनी एव्हीएक्स हिच्याशी ३६ कोटी ६२ लाख ५० हजार डॉलरची तडजोड २०१२ मध्ये जाहीर झाली, तेव्हा कामाला वेग आला. पाण्याखालच्या गाळाचा उपसा २०२० मध्ये संपला. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील आणि खाजणातील काम त्यानंतरही उरले.

या बंदरातील किलीफिश हा बोटभर मासा संशोधकांना फार महत्त्वाचा वाटतो. इतरत्रची किलीफिशची पिल्ले ज्या मात्रेने मरतात, ती इथली सहन करतात आणि हा गुण पुढच्या पिढ्यांत उतरतो. मासा विषाला बधला नाही, एवढ्यावर समाधान मानणे मात्र चुकीचे ठरेल. तो जगतो, अंगात पीसीबी साठवतो आणि मोठ्या माशांच्या व पक्ष्यांच्या तोंडी जातो.

निर्बंधांची झळ खोल समुद्रात जाणाऱ्या बोटींपेक्षा किनाऱ्यावर गळ टाकून घरच्या जेवणापुरती मासळी धरणाऱ्यांना अधिक बसते. त्यांच्यात स्थलांतरित कुटुंबे बरीच आहेत. म्हणून काठावरचे इशारेवजा फलक इंग्रजीबरोबर पोर्तुगीज आणि स्पॅनिश भाषांतही लावले आहेत.