कॉलेज बास्केटबॉलची धक्काबुक्की आणि २०१३ ची शिट्टी

एनबीए बघायची सवय असलेल्याला ५३-४१ असा स्कोअर दाखवला तर तो म्हणेल हाफटाइम झालाय का. २००० च्या फायनल फोरमध्ये, म्हणजे अमेरिकन कॉलेज स्पर्धेच्या शेवटच्या चार टीमच्या टप्प्यात, मिशिगन स्टेटने विस्कॉन्सिनला एवढ्याच स्कोअरने हरवलं, आणि हाफटाइमला तर १९-१७ होतं! लोकांनी नावं ठेवली, पण ज्यांना रिबाउंडसाठी (हुकलेल्या शॉटचा चेंडू पकडायला) कंबर लावून जागा अडवणं, सुटलेल्या चेंडूवर तिघांनी एकदम झोकून देणं असलं बघायला आवडतं त्यांच्यासाठी ती मेजवानी होती.

ही चव लागली ती ८० च्या दशकातल्या बिग ईस्टमुळे, म्हणजे कॉलेज टीमच्या एका गटामुळे. १९७९ ला ही कॉन्फरन्स (असा गट) सुरू झाली आणि १९८५ च्या फायनल फोरमध्ये चारपैकी तीन टीम तिथल्याच. जॉर्जटाउनचा डिफेन्स म्हणजे समोरच्याच्या अंगावरच जायचं, तरी त्या वर्षी फायनलला व्हिलानोव्हाने त्यांना ६६-६४ ने हरवलं, २८ पैकी २२ शॉट आत, असं रोज होत नाही. पुढे याच कॉन्फरन्सने काही सीझन पाचाऐवजी सहा फाउलवर खेळाडू बाहेर काढून बघितला. म्हणजे आणखी एक फाउल फुकट, मग काय व्हायचं ते झालंच, मॅचेस रांगड्या झाल्या आणि प्रयोग गुंडाळला.

पण खरं भांडण २०१३ चं. २०१२-१३ मध्ये सगळ्या टीम मिळून एका मॅचमागे प्रत्येक टीमची सरासरी ६७.५ पॉइंटवर आली, १९५२ नंतरची सगळ्यात कमी, आणि नियम करणारे घाबरले. ड्रिबल करणाऱ्याच्या अंगावर हात ठेवून राहणं, दोन्ही हात लावणं, हाताने सारखं टोचत राहणं, कोपरापासून हात आडवा घालून अडवणं, या चारही गोष्टी आधीपासून सूचना म्हणून होत्याच, त्या उचलून थेट नियमात टाकल्या. आता बघा, नवीन काही बंद केलं नव्हतं, फक्त रेफ्रींना सांगितलं की खरंच शिट्टी मारा. नोव्हेंबरमध्ये मॅचेस म्हणजे नुसती फ्री थ्रोची रांग, चांगले खेळाडू बेंचवर. कबड्डीत पकडीवरच फाउल द्यायला लागलात तर काय उरेल, तसंच झालं. त्याच वर्षी चार्जचा (जागेवर उभ्या डिफेंडरला चेंडूवाला धडकला तर चेंडूवाल्यावर फाउल) नियमही डिफेंडरच्या विरोधात कडक केला, शूटरने चेंडू वर उचलायच्या आधीच जागा घेतलेली हवी, आणि तो एका सीझनमध्ये मागे घेतला. मला विचाराल तर चूक नियमात नव्हती, घाईत होती.

आणि शेवटी काय, रेफ्री हळूहळू ढिले पडले, २०१४-१५ मध्ये सरासरी परत ६७.६. म्हणजे दोन वर्षांच्या आरडाओरड्यानंतर ०.१ ची कमाई. मग २०१५ ला शॉट क्लॉक, म्हणजे शॉट घ्यायला मिळणारा वेळ, ३५ वरून ३० सेकंदांवर आणला, बास्केटखालचा चार्ज न देण्याचा अर्धगोल ३ फुटांवरून ४ फूट केला आणि स्कोअर खरंच वाढला. घड्याळाने जे झालं ते शिट्टीने झालं नाही, हे कबूल करायला कोणी तयार नसतं. चार्जवर २०२३ मध्ये परत हात फिरवलाच, आता शूटर उडी मारायला पाय टेकवतो तेव्हा डिफेंडर जागेवर पाहिजे.

तरी दणकट टीम काही संपल्या नाहीत. २०१९ ची फायनल व्हर्जिनिया आणि टेक्सस टेकची, दोन्ही डिफेन्सवर जगणाऱ्या, आणि गंमत म्हणजे ती ओव्हरटाइमला जाऊन ८५-७७ झाली. ह्यूस्टन तर आजही जुन्या पद्धतीने खेळते, सुटलेल्या चेंडूवर अंग टाकणं हा त्यांच्या प्रॅक्टिसचाच भाग आहे. २०२५ च्या सेमीफायनलला ड्यूकसमोर १४ ने मागे पडूनही ७०-६७ ने जिंकले. फायनलला फ्लोरिडाविरुद्ध १२ ने पुढे होते, हरले ६५-६३, आणि शेवटच्या पझेशनमध्ये यांना शॉटसुद्धा घेता आला नाही, समोरच्याचा डिफेन्स तेवढा घट्ट होता. शॉटसाठी उडी मारलेल्याच्या हातातून जो चेंडू सुटला तो त्याला परत पकडता पण येईना, कारण त्यानेच आधी हात लावला तर ट्रॅव्हलिंग, म्हणजे चेंडू घेऊन चालल्याचा नियमभंग.