ओढ्याकाठच्या निवासी भूखंडांना सेटबॅकमधील सवलत (अमेरिका)

अमेरिकेत घर बांधताना रस्ता, शेजाऱ्याची हद्द आणि पाण्याचा काठ यांपासून जे किमान अंतर मोकळे सोडावे लागते त्याला सेटबॅक म्हणतात. भूखंडाच्याच एखाद्या अडचणीमुळे हे अंतर पाळणे जाचक ठरत असेल, तर स्थानिक मंडळ त्या भूखंडापुरती सूट देऊ शकते. ही सूट म्हणजे व्हेरिअन्स. ती जमिनीला मिळते, माणसाला नव्हे. घर विकले तरी ती सहसा कायम राहते. म्हणूनच मालकाचे आजारपण किंवा वाढते कुटुंब ही कारणे मंडळापुढे फारशी टिकत नाहीत.

न्यूयॉर्क शहराने १९१६ साली सबंध शहराला लागू होणारी झोनिंग (कुठल्या भागात काय नि कसे बांधायचे याची) नियमावली केली. पुढे १९२० च्या दशकात केंद्रीय वाणिज्य खात्याने राज्यांसाठी नमुना कायदा तयार केला आणि त्यात अशा अर्जांसाठी समायोजन मंडळाची तरतूद ठेवली. ‘अनावश्यक जाच’ ही कसोटी तिथलीच. पाण्याकाठचे सेटबॅक त्यामानाने उशिरा आले. विस्कॉन्सिन राज्याने १९६६ मध्ये काठाच्या जमिनींसाठी कायदा केला. तिथे नौकानयनयोग्य पाण्यापासून साधारणपणे ७५ फूट अंतर सोडावे लागते.

हे अंतर मोजायचे कुठून, यावरच निम्मे वाद होतात. ओढ्याची पातळी ऋतूप्रमाणे बदलते, त्यामुळे बरेच नियम ‘नेहमीच्या भरपाण्याची खूण’ धरतात. सर्वेक्षकाला ती काठावर शोधावी लागते: माती खरवडून निघालेली कड, खोडांवरचे पाण्याचे डाग, आणि पाणवनस्पती संपून जमिनीवरची झुडपे सुरू होतात ती रेघ. काही ठिकाणी त्याऐवजी काठाचा वरचा कंगोरा धरतात. उतार मंद असेल तर या दोन पद्धतींत बरेच फूट इकडचे तिकडे होतात.

मोकळा पट्टा रिकामा दिसला तरी त्याचे काम चालू असते. झाडांची मुळे काठ धरून ठेवतात, सावलीमुळे पाणी थंड राहते (ट्राउट माशांना ते लागतेच), आणि अंगणातली माती नि खत ओढ्यात जाण्याआधी गवतात अडते. शिवाय ओढा आपली वाट बदलतो. वळणाच्या बाहेरच्या अंगाला काठ खचत जातो. तिथे सूट देणे म्हणजे घरमालकाला पुढच्या संकटाची परवानगी देण्यासारखेच आहे.

सवलतीच्या कसोट्या राज्यागणिक वेगळ्या असल्या तरी गाभा सारखा असतो. अडचण जमिनीच्या आकारातून, उतारातून वा प्रवाहातून आलेली असावी, मालकाने स्वतः ओढवून घेतलेली नसावी, आणि सूट गरजेपुरतीच असावी. मालकाने स्वतःच भूखंडाचे तुकडे पाडले आणि मग काठाचा तुकडा अरुंद झाल्याची तक्रार केली, तर ती सहसा ऐकली जात नाही. ‘जाच’ किती कडक अर्थाने घ्यायचा, यावर विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचेच मत फिरवले. १९९८ मध्ये, तळ्याकाठच्या एका डेकच्या (घराला जोडलेल्या उघड्या ओट्याच्या) प्रकरणात, सूट नसेल तर जमिनीचा वाजवी उपयोगच उरत नाही हे दाखवा, असे ते म्हणाले. २००४ मध्ये अंतर-उंचीसारख्या मोजमापाच्या सवलतींसाठी त्याने ती अट सैल केली आणि नियमाचा हेतू, जमिनीची स्थिती नि अर्जदारावरचा भार एकत्र तोलण्याची मुभा मंडळांना दिली. २०१७ चा ‘मर विरुद्ध विस्कॉन्सिन’ हा केंद्रीय सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सेंट क्रॉय नदीकाठच्या दोन लगतच्या भूखंडांचा. त्यातला वाद किमान क्षेत्रफळाचा होता, सेटबॅकचा नव्हे. एकाच कुटुंबाच्या मालकीचे हे भूखंड एक धरणे योग्य, आणि एक वेगळा विकू न दिल्याने भरपाई देय होत नाही, असे न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी ठरवले.

प्रत्यक्षात चाणाक्ष अर्जदार ओढ्याकडे बोटच दाखवत नाही. समजा भूखंड १२० फूट खोल आहे. रस्त्याकडून ३० आणि ओढ्याकडून ७५ फूट सोडले की बांधकामाला १५ फुटांची पट्टी उरते. अशा वेळी रस्त्याकडचे अंतर कमी करून मागणे शहाणपणाचे, कारण घर पुढे सरकल्याने फार तर रस्त्याची शोभा बिघडते, पाणी बिघडत नाही. सुनावणीला शेजारी येतात. प्रवाहाच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यांना मात्र बहुधा नोटीसही जात नाही, हा या पद्धतीतला मोठा दोष. मंडळ सूट देतेच तर सोबत अटी घालते: काठावर देशी झाडे लावा, छताचे पाणी जमिनीत मुरवा, डेकला पुढे भिंती घालून खोली करू नका.

भूखंड पूरक्षेत्रात असेल तर आणखी एक थर चढतो. राष्ट्रीय पूरविमा योजनेच्या नियमांनुसार, दरवर्षी एक टक्का शक्यता असलेल्या पुराची पातळी जराही वाढणार असेल, तर नियंत्रित पूरमार्गात (पुराचे पाणी वाहून जाण्यासाठी मोकळ्या राखलेल्या पट्ट्यात) सूट देता येत नाही. त्या पातळीखाली बांधण्याची सूट दिलीच, तर विम्याचा हप्ता दर १०० डॉलरच्या संरक्षणामागे २५ डॉलरपर्यंत जाऊ शकतो आणि जीविताला धोका वाढतो, हे अर्जदाराला अधिकाऱ्याच्या सहीने लेखी कळवावे लागते.