पदवीच्या फ्रेमला काच लावायची की ॲक्रिलिक? दिसायला सारखं, वागायला वेगळं

पदवीचं सर्टिफिकेट फ्रेम करायचं ठरलं की सगळी चर्चा पट्टीवर होते, काळी घ्यायची की सोनेरी, जाड की बारीक, आणि पुढे जे पारदर्शक बसणारे ते काच आहे की ॲक्रिलिक हे कोणी विचारतच नाही. तयार फ्रेमवर कधीकधी नुसतं 'ग्लास' लिहिलेलं असतं आणि आत निघतं प्लास्टिक. भिंतीवर टांगल्यावर दोन हातांवरून फरक कळणार नाही हे खरं आहे, पण रोजच्या वागण्यात दोघांचा स्वभाव पार वेगळा आहे.

आधी ओळखायचं कसं ते सांगते. नखाने टकटक करून बघा, काच टणटणीत वाजते, ॲक्रिलिकचा आवाज बोदा येतो. तळहात टेकवा, काच गार लागते, ॲक्रिलिक तेवढं गार लागत नाही. आणि तुकडा बाहेर काढता आला तर कडेने बघा, साध्या काचेची कड हिरवट दिसते कारण तिच्यात थोडं लोह असतं, ॲक्रिलिकची कड स्वच्छ पांढरी दिसते. अगदी स्वस्त फ्रेममध्ये तर ॲक्रिलिकही नसतं, पॉलिस्टायरीनचा पातळ पत्रा असतो, तो ठिसूळ असतो आणि काही वर्षांनी पिवळा पडतो.

वजनाचा फरक मोठा आहे. काचेची घनता दर घन सेंटिमीटरला साधारण २.५ ग्रॅम आणि ॲक्रिलिकची १.२ च्या आसपास, म्हणजे त्याच मापात ॲक्रिलिक निम्म्याहून हलकं. ३० बाय ४० सेंटिमीटरची २ मिलिमीटर जाडीची काच साधारण ६०० ग्रॅम भरते, तेवढंच ॲक्रिलिक ३०० ग्रॅमच्या आत. एका छोट्या फ्रेमला हे चालून जातं, खिळा नीट असला की झालं. पण फ्रेम मोठी असेल, किंवा कुरियरने पाठवायची असेल, किंवा खाली लहान मुलं खेळत असतील, किंवा भाड्याच्या घरात राहत असाल आणि दर थोड्या दिवसांनी सामान हलवावं लागत असेल तर डोळे झाकून ॲक्रिलिक घ्या. काच फुटली की नुसती फुटत नाही, तिचा अणकुचीदार तुकडा कागदावर रेघ ओढून जातो, आणि पदवी फाटली की दुसरी प्रत काढायला किती खेटे घालावे लागतात ते ज्याने घातलेत त्यालाच माहीत.

ओरखड्यांच्या बाबतीत मात्र काच जिंकते. ॲक्रिलिक कोरड्या फडक्याने खसाखसा पुसलं की त्यावर बारीक रेघा उठतात, आणि घासल्याने त्यात स्थिर वीज भरते मग आजूबाजूची सगळी धूळ, धागे, केस तिथेच येऊन बसतात. अमोनिया किंवा अल्कोहोल असलेला काच पुसायचा स्प्रे ॲक्रिलिकवर मारू नका, त्याने पृष्ठभाग धुरकट होतो, बारीक तडेही जातात. मायक्रोफायबरचं फडकं थोडं ओलं करा आणि हलक्या हाताने पुसा. काच असली तरी स्प्रे थेट काचेवर नको, फडक्यावर मारा, नाहीतर पाणी पट्टीच्या खाचेतून खाली उतरतं आणि कागदाची खालची कड ओली होते. अजून एक, नवीन ॲक्रिलिकवर दोन्ही बाजूंनी पातळ फिल्म चिकटवलेली असते. ती न काढताच फ्रेम बंद केलेली मी पाहिलीये आणि मग ॲक्रिलिक धूसर आहे म्हणून तक्रार. कोपऱ्यात नखाने उचकटून बघा.

आता मुद्द्याचं. लोकांना वाटतं ॲक्रिलिक म्हणजे उन्हापासून संरक्षण, आणि ते तसं नाहीये. साधी काच आणि साधं ॲक्रिलिक, दोन्हींतून अतिनील किरणांचा बराच भाग आत येतो. खास फिल्टरवाले प्रकार दोन्हींत मिळतात, ते ९७ ते ९९ टक्के अतिनील अडवतात, पण ते महाग असतात आणि दिसणारा उजेड त्यांतूनही येतोच, शाई त्यानेही फिकट होते. कागदावरच्या नाजूक कामांसाठी म्युझियममध्ये उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास ठेवतात, आपल्या खिडकीजवळच्या भिंतीवर दिवसा त्याच्या कितीतरी पट उजेड असतो.

हे मला ताईच्या पदवीने शिकवलं. नऊ वर्षं ती फ्रेम खिडकीसमोरच्या भिंतीवर होती. पट्टी बदलायची म्हणून उघडली तर शिक्क्याचा कोपरा काचेला चिकटलेला, आणि निळी सही इतकी पुसट की तिरकं धरून वाचावी लागली. मी कागद ओढला नाही, चिकटलेला भाग काचेसकट तसाच ठेवला. दोष काचेचा नव्हता. कागद आणि काच यांच्यामध्ये काहीच नव्हतं, हवेतल्या दमटपणाने छपाई काचेला लागली, आणि ॲक्रिलिक असतं तरी हेच झालं असतं.

म्हणून पैसे वाचवायचे असतील तर काच-ॲक्रिलिकच्या वादात न वाचवता इथे वाचवा: तयार मापाची फ्रेम घ्या, आणि आत ॲसिड-फ्री, म्हणजे आम्ल नसलेलं, माउंट कापून घ्या. माउंट म्हणजे मधे खिडकी कापलेला जाड पुठ्ठा, दीड मिलिमीटरच्या आसपास, तो कागदाला काचेपासून लांब ठेवतो आणि फ्रेम मोठी असली तरी उरलेली जागा भरून काढतो, त्यामुळे ऑर्डर देऊन बनवलेल्या फ्रेमची गरज राहत नाही. माप मात्र मोजपट्टीने घ्या, अंदाजाने नको. ए४ कागद २१० बाय २९७ मिलिमीटर असतो आणि लेटर साइज २१६ बाय २७९, दोन्ही सारखेच वाटतात आणि एकाच्या फ्रेममध्ये दुसरा घातला की एक कड कापली जाते नाहीतर एक फट दिसते. कागद सेलोटेपने चिकटवू नका, कोपऱ्यांना कागदी खिसे लावा, म्हणजे हवं तेव्हा पदवी जशीच्या तशी बाहेर येते.

आणि त्याहून स्वस्त मार्ग, जो मी आता सगळ्यांना सांगते. मूळ पदवी चांगल्या रिझोल्यूशनवर स्कॅन करा, जाड कागदावर रंगीत प्रिंट काढा आणि भिंतीवर ती प्रिंट लावा. मग पुढे साधी काच चालेल, साधं ॲक्रिलिक चालेल, जुन्या फ्रेममधली काच चालेल, फिकट झाली की दुसरी प्रिंट. मूळ कागद ॲसिड-फ्री फोल्डरमध्ये सपाट, अंधारात. फक्त लॅमिनेट करू नका, त्यावर पुन्हा कुठलाच शिक्का उमटत नाही आणि साक्षांकनाच्या वेळी लॅमिनेट केलेला कागद बऱ्याच ठिकाणी परत पाठवतात.

ताईच्या भिंतीवर आता प्रिंट आहे, तिच्या मुलाच्या बॉलच्या टप्प्यात, म्हणून पुढे ॲक्रिलिक. मूळ पदवी त्या चिकटलेल्या काचेसकट कपाटात आडवी ठेवलीये, कागद दुरुस्त करणारा कोणी जाणकार भेटेपर्यंत.