शाओलिनचं कुंग-फू बोधिधर्माने शिकवलं का?

‘दक्षिण भारतातून गेलेल्या बोधिधर्म या बौद्ध भिक्षूने चीनमधल्या शाओलिन मठातल्या भिक्षूंना कुंग-फू शिकवलं’ हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय.

सनावळ्या ओळीने मांडून पाहा. मठ उभारला गेला इ.स. 495च्या सुमारास, तोही बातुओ नावाच्या दुसऱ्याच भारतीय भिक्षूसाठी. बोधिधर्माचा सर्वांत जुना उल्लेख 547च्या सुमारास लिहिलेल्या, लोयांग या चिनी शहरातल्या विहारांच्या वर्णनात येतो. तिथे तो एका भव्य पॅगोड्यापुढे हात जोडून उभा आहे, आणि चक्क पर्शियाचा म्हटलाय! (दक्षिण भारत येतो तो त्याच्या शिष्याच्या नावावरच्या लेखनात.) व्यायामाचा मात्र शब्द नाही. मठातल्या 728च्या शिलालेखात भिक्षूंनी 621 साली लढाईत केलेल्या मदतीची नोंद आहे. तिचंही श्रेय बोधिधर्माला दिलेलं नाही.

मग ही सांगड कुठे बसली? ‘यीजिन चिंग’ या व्यायामग्रंथात, आणि तो 17व्या शतकातला, म्हणजे हजार वर्षांनंतरचा. त्यातल्या श्वासाच्या आणि स्नायूंच्या व्यायामांवर दाओवादी (चीनच्या जुन्या दाओ पंथाच्या) साधनेची छाप स्पष्ट आहे. असे व्यायाम बौद्ध धर्म चीनमध्ये पोचण्याआधीच तिथे होते: चीनमधल्या मावांगदुइ इथल्या, इ.स.पू. 168मध्ये बंद झालेल्या थडग्यात त्यांची रेशमावरची चित्रंच सापडली. इंटरनेटवर ती सहज पाहायला मिळतात.