हॅलोवीनसाठी हातकामाच्या खाऊच्या डब्या आणि कागदी सजावट: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार,

आमच्या डब्या तुम्हाला सपाट, न जोडलेल्या मिळतील. घड्या घालायला बसण्याआधी हे पत्रक एकदा वाचून घ्या. आम्ही न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास राहणाऱ्या मराठी मैत्रिणी. हॅलोवीनसाठी खाऊच्या डब्या, पुड्या, तोरणं आणि कागदी भोपळे हाताने बनवतो. पत्रक मराठीत लिहिण्याचं कारण म्हणजे आम्हाला येणारे बरेचसे प्रश्न आपल्या घरांतले असतात. या गोळ्यांत जिलेटिन आहे का? मुलांना बेसनाचे लाडू दिले तर चालतील का? दिवाळी तोंडावर असताना दाराला सांगाडा कसा टांगायचा? अशा प्रश्नांची उत्तरं इथे आहेत.

डबी सजवा, पण खाऊ दिसू द्या

३१ ऑक्टोबरला अंधार पडायच्या सुमारास मुलं सोंगं घेऊन निघतात आणि दारोदार "ट्रिक ऑर ट्रीट" म्हणत खाऊ गोळा करतात. घरी परतल्यावर पिशवी जेवणाच्या टेबलावर रिकामी होते आणि आई-वडील एकेक वस्तू उलटसुलट करून बघतात. पाकीट फुटलंय का? चिकटपट्टी लावून पुन्हा बंद केलंय का? कशापासून बनवलंय ते लिहिलंय का? तुम्ही हौसेने दिलेल्या डबीचीही अशीच तपासणी होणार. आत काय आहे हे चटकन दिसलं नाही, तर ती डबी न उघडताच कचऱ्यात जाते.

म्हणून आमच्या प्रत्येक डबीला समोर खिडकी असते, नाहीतर झाकण नुसतं खोचलेलं असतं. ते कात्रीशिवाय उघडतं आणि परत बंद होतं. चारही बाजूंनी चिकटवलेली डबी किंवा गाठींवर गाठी मारलेली रिबीन आम्ही देत नाही, कुणी खास मागणी केली तरी नाही. आत ठेवायचा तो खाऊही कारखान्यातून बंद पाकिटात आलेलाच असावा. सुट्या गोळ्या घालू नका, मोठं चॉकलेट फोडून त्याचे तुकडेही नकोत.

पूर्वी असं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत साखरेचं रेशनिंग होतं. ते १९४७ मध्ये उठलं आणि दारोदार खाऊ मागायची पद्धत देशभर पसरली. त्या काळात लोक घरी केलेले पॉपकॉर्नचे लाडू, पाकात बुडवलेली सफरचंदं, कुकीज, शेंगदाणे, अगदी नाणीसुद्धा देत. पुढे खाऊत विष किंवा ब्लेड घातल्याच्या बातम्या आणि अफवा वाढल्या. १९८२ च्या सप्टेंबरअखेर शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड मिसळलं आणि सात जण दगावले. महिन्याभरावर आलेल्या हॅलोवीनवर त्या वर्षी भीतीचं सावट होतं. डेलावेअर विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी कित्येक दशकांच्या बातम्या तपासल्या. अनोळखी माणसाने वाटलेल्या हॅलोवीनच्या खाऊतल्या विषाने मूल दगावल्याची एकही खात्रीची घटना त्यांना मिळाली नाही. तरीही पालकांची सवय बदलली ती बदललीच. आपण त्यांच्याशी वाद घालत बसू नये. डबीच अशी द्यावी की त्यांच्या मनात शंका येणार नाही.

लाडू, चिवडा, शंकरपाळे

दिवाळी आणि हॅलोवीन बहुतेक वर्षी जवळजवळच येतात. २०२४ मध्ये तर ३१ ऑक्टोबर ऐन दिवाळीत आला. घरात फराळाचे डबे भरलेले असताना दारात आलेल्या पोराच्या हातावर विकतची गोळी ठेवणं जिवावर येतं, हे आम्हाला समजतं. तरीही आग्रहाने सांगतो, अनोळखी मुलांना फराळ देऊ नका. तुमच्या लाडवात खोट नसते, पण दाणे किंवा काजू चालत नसलेलं मूल कोणतं हे तुम्हाला दारात कळत नाही.

ओळखीच्या घरांत, शेजारी, तुमच्या स्वतःच्या पार्टीत मात्र फराळ जरूर द्या. त्यासाठी आमच्या लांबट डब्या घ्या. त्यांच्यासोबत बटर पेपरचं अस्तर येतं, ते आधी घाला, कारण तुपाचा डाग कागदातून बाहेर यायला एक रात्र पुरते. डबीच्या पाठीवर घटक लिहायला रेघा आखलेल्या आहेत. अमेरिकेच्या कायद्यात ॲलर्जीचे नऊ मुख्य पदार्थ धरले जातात: दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यांसारखे कवचवाले जलचर, झाडावरचा सुकामेवा, शेंगदाणे, गहू, सोयाबीन आणि तीळ. तिळाची भर २०२३ पासून पडली. आता आपला फराळ त्याच्याशी ताडून बघा. चिवड्यात शेंगदाणे आणि बहुधा काजूही. शंकरपाळ्यांत गहू आणि दूध. बेसनाच्या लाडवात तुपाच्या रूपाने दूध, वर काजू-बदाम. चकलीत तीळ. हे सगळं इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत लिहा. नुसतं "चिवडा" एवढं लिहिलं तर शेजारच्या घराला काहीच कळणार नाही.

शाळेत डब्या पाठवणार असाल तर आधी शिक्षिकेला विचारा. बऱ्याच शाळा विकतचा, घटकांची यादी छापलेला आणि दाणे-सुकामेवा नसलेला खाऊच घेतात. काही शाळांत खाऊ अजिबात चालत नाही.

शाकाहारी घरांसाठी

आमच्याकडे सगळ्यात जास्त विचारणा याचीच होते. मार्शमेलो आणि बहुतेक गमी गोळ्यांत जिलेटिन असतं आणि ते डुकराच्या किंवा गाईच्या कातडी-हाडांपासून काढलेलं असतं. हॅलोवीनची खास ओळख झालेल्या, पिवळ्या-केशरी-पांढऱ्या कँडी कॉर्नमध्येही साधारणपणे जिलेटिन असतं, आणि तिच्यावरची चकाकी लाखेच्या किड्यांपासून मिळणाऱ्या लाखेची असते. मऊ नूगा भरलेल्या चॉकलेट बारमध्ये बहुधा अंड्याचा पांढरा भाग असतो. साधं दुधाचं चॉकलेट, लॉलीपॉप आणि कडक गोळ्या यांत सोयीचे पर्याय भरपूर सापडतात, पण यादी प्रत्येक वेळी वाचावी.

इथे एक अडचण येते. छोट्या बारच्या पाकिटावर पुष्कळदा घटक छापलेलेच नसतात, ते बाहेरच्या मोठ्या पिशवीवर असतात. शिवाय त्याच नावाच्या मोठ्या आणि छोट्या बारचे घटक सारखेच असतील असंही नाही. म्हणून मोठ्या पिशवीवरचा यादीचा तुकडा कापून ठेवा. डब्यांसोबत आम्ही कोऱ्या चिठ्ठ्या देतो. त्यावर यादी उतरवा आणि झाकणाच्या आत खोचा. असं करणारी घरं फार थोडी असतात, आणि ॲलर्जीच्या मुलाची आई तुमचं घर पुढच्या वर्षीही लक्षात ठेवते.

मोरपंखी डब्या

केशरी आणि काळ्याच्या जोडीला आम्ही मोरपंखी रंगाच्या डब्या बनवतो. दाराशी मोरपंखी भोपळा दिसला, की या घरी खाण्याव्यतिरिक्तही काही मिळतं, अशी ती खूण आहे. हा उपक्रम टेनेसीतल्या ॲलर्जीग्रस्त कुटुंबांच्या एका स्थानिक गटापासून सुरू झाला, आणि २०१४ पासून फेअर ही अन्नाच्या ॲलर्जीवर काम करणारी संस्था तो देशभर चालवते. पेन्सिली, स्टिकर, साबणाच्या फुग्यांची छोटी बाटली, अंधारात चमकणाऱ्या कांड्या अशा वस्तू या डब्यांत छान बसतात. निदान थोड्या तरी डब्या मोरपंखी घ्या, अशी आमची मनापासून विनंती आहे. पिशवी भरभरून गोळा करूनही त्यातलं काहीच खाता न येणारी मुलं आपल्या वस्तीत आहेत.

तीन वर्षांखालच्या मुलांसाठी मात्र छोट्या वस्तू कुठल्याच डबीत घालू नका, कारण त्या घशात अडकतात. आम्ही स्वतः डब्यांवर हलणारे डोळे, मणी, टाचण्या किंवा स्टेपल वापरत नाही. सांगाड्याचे सांधेही पितळी पिनांऐवजी दोऱ्याच्या गाठीने जोडतो.

कागद, घडी आणि डिंक

डब्यांचा कागद १७५ ते २२० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) असतो. छपाईचा साधा कागद ८० जीएसएमच्या आसपास, त्यामुळे फरक हाताला लगेच कळेल. आम्ही आरपार रंगवलेलाच कागद घेतो. वरून रंगीत आणि पोटात पांढरा असलेला कागद स्वस्त पडतो, पण काळ्या वटवाघळाच्या पंखाची कड कापली की पांढरी रेघ उघडी पडते आणि सगळी मजा जाते.

कागदाच्या तंतूंना एक दिशा असते. त्या दिशेने घातलेली घडी स्वच्छ बसते, आडवी घातली तर कडेला बारीक तडे जातात. डब्यांच्या मुख्य घड्या आम्ही तंतूंच्या दिशेनेच आखतो आणि घडीची रेघ बोथट टोकाने दाबून देतो. तुम्ही फक्त त्या रेघेवर कागद वळवा, मग नखाने किंवा चमच्याच्या पाठीने एकदाच घट्ट दाबा. मागे-पुढे दोनचारदा दुमडू नका, तंतू तुटतात. आधी सगळ्या घड्या घाला, मग डबी परत सपाट करून डिंक लावा आणि त्यानंतरच ती उभी करा. डिंक पट्टीच्या कडेपर्यंत नेऊ नका, दाबल्यावर तो आपोआप पसरतो. मुलांना मदतीला घ्यायचं असेल तर त्रिकोणी पुडी त्यांच्या हातात द्या. ती नळीसारखी गुंडाळून एक टोक आडवं आणि दुसरं उभं दाबलं, की झाली तयार.

डिंक म्हणून आम्ही पांढरा फेविकॉलसारखा गोंद वापरतो. आकाशकंदिलाला आपण घरी गव्हाच्या पिठाची खळ लावत आलो, ती चिकटतेही उत्तम. पण इथल्या दमट शरदात तिला बुरशी येते आणि किडे लागतात. शिवाय गहू हा त्या नऊ पदार्थांतला एक. खाऊच्या डबीला खळ नको.

दाराची सजावट

भोपळा कोरायची चाल आयर्लंडमधून आली. तिकडे सलगम पोखरून आत दिवा ठेवत. एकोणिसाव्या शतकात आयरिश आणि स्कॉटिश माणसं अमेरिकेत आली तेव्हा इथला भोपळा मोठा आणि कोरायला सोपा निघाला. कागदी सजावटीला कारखान्यांनी हात लावला तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. मॅसॅच्युसेट्सच्या डेनिसन कंपनीने १९०९ मध्ये हॅलोवीनच्या सजावटीची पुस्तिका काढली आणि क्रेप कागदापासून झालरी, टोप्या, टेबलाच्या कडा कशा करायच्या ते घरोघरी पोचवलं. पेनसिल्व्हेनियातल्या बायस्टल कंपनीचे, उघडल्यावर फुगणारे जाळीदार कागदी भोपळे आजही बाजारात आहेत. आमचे जाळीदार भोपळे त्याच पद्धतीचे, फक्त हाताने चिकटवलेले. ते उघडताना दोन्ही पुठ्ठे धरून हळूहळू फिरवा, जाळी ओढू नका.

कागदी भोपळ्यात किंवा कंदिलात मेणबत्ती कधीही ठेवू नका. बॅटरीवर चालणारा छोटा एलईडी दिवा ठेवा. खऱ्या भोपळ्यात मेणबत्ती लावणार असाल तर क्रेपच्या झिरमिळ्या तिच्यापासून लांब टांगा, वाऱ्याने त्या कुठवर उडतात तेही बघा. मुलांच्या सोंगांचे झगे आणि टोपल्याही तिथूनच जातात. घराच्या हीटरजवळ आणि जिन्याच्या कठड्यावर तोरण नको.

हवामानाचा भरवसा नाही. २०११ मध्ये २९ ऑक्टोबरला आपल्याकडे बर्फ पडला. पुढच्याच वर्षी त्याच तारखेला सँडी वादळ न्यू जर्सीवर धडकलं आणि तेव्हाचे राज्यपाल ख्रिस क्रिस्टी यांनी हॅलोवीन ५ नोव्हेंबरला ढकलला. एरवीही रात्रीचं दव असतंच. भिजल्यावर क्रेपचा रंग गळतो, आणि काळ्याचे डाग पांढऱ्या दारावरून निघत नाहीत. क्रेप आणि जाळीदार वस्तू घरातच लावा. पोर्चमध्ये, छपराखाली, जाड कागदाचीच तोरणं लावा. भाड्याच्या घरात रंगाऱ्यांची निळी चिकटपट्टी वापरा, भिंतीचा रंग सोलत नाही.

भारतातून आलेले आजी-आजोबा घरी असतील तर दारातला सांगाडा, घुबड, वटवाघूळ त्यांना बोचू शकतं. लक्ष्मीपूजनाच्या दिवसांत ते साहजिकही आहे. अशा घरांसाठी आम्ही वेगळा संच करतो: भोपळे, मेपलची लाल-पिवळी पानं, चंद्र आणि मक्याची कणसं. हे तोरण आकाशकंदिलाशेजारी शोभतं आणि भाऊबीजेपर्यंत राहू देता येतं.

नंतर काय करायचं

डब्यांवर आम्ही चमकी वापरत नाही, कारण चमकी लावलेला कागद पुनर्वापरासाठी घेत नाहीत. स्वच्छ डबी कागदाच्या कचऱ्यात टाका. खिडकीचा पारदर्शक तुकडा आधी सोलून काढा. त्याला कडेलाच डिंक आहे, सहज निघतो. तेलकट अस्तर त्यात टाकू नका. तोरणं पुढच्या वर्षासाठी ठेवायची असतील तर सपाट करून, दोन पुठ्ठ्यांमध्ये, उन्हापासून लांब ठेवा. केशरी कागद उन्हात सगळ्यात आधी विटतो.

ऑर्डर देताना

सगळं हातकाम असल्यामुळे ऑर्डर सप्टेंबरअखेरपर्यंत दिलीत तर बरं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यानंतर फक्त तयार असलेला माल देता येतो. एका कागदाच्या गठ्ठ्यातून दुसऱ्या गठ्ठ्यात केशरी रंगाची छटा थोडी बदलते, तेव्हा एका पार्टीचा सगळा माल एकदमच मागवा. डबीत कोणता खाऊ घालणार आहात, घरी फराळ भरणार आहात का, आणि मोरपंखी किती हव्यात एवढं ऑर्डरमध्ये लिहा. त्यावरून डबीचं माप आणि अस्तर आम्ही ठरवतो.